उन्हाळा आणि आपलीं मुकीं जनावरें

(आमच्या भागांतील शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत चैत्र महिन्यांत केलेलें भाषण. कित्येक बांधवांच्या मागणीवरून येथें देत आहों.)



आज आमच्याकडून कोणी देवाधर्माच्या गोष्टींची अपेक्षा केली असेल, तर त्याची निराशा होणार आहे. आम्ही आज गोठ्याविषयीं बोलणार आहों. फाल्गुन सरला, चैत्राचें ऊन डोक्यावर आलें, आणि येथून पुढें मृगाचा पाऊस पडेपर्यंतचे दिवस आपल्या दावणीच्या मुक्या जिवांच्या कसोटीचे आहेत. आपल्याला ऊन लागलें तर आपण सावलींत सरकतों, माठांतलें पाणी पितों, डोक्याला ओलें फडकें गुंडाळतों. दाव्याला बांधलेल्या बैलाला यांतलें कांहींच करतां येत नाहीं. त्याचें दावें दोन हात लांब. तेवढ्यांत सावली असली तर त्याचें नशीब, नसली तर त्याचें मरण. तें दावें आपण बांधलेलें आहे, म्हणून जबाबदारीही आपली आहे.

कोणी म्हणेल, ऊन काय आजचें आहे? आमचे आजेपणजे याच उन्हांत गुरें पाळीत आले. खरें आहे. पण आजाच्या दारापुढें लिंबाचें झाड होतें, गोठ्यावर गवताचें छप्पर होतें, दावणीला गावठी गाय होती, आणि गांवाला गायरान होतें. आज झाड रस्त्यांत गेलें, गवताच्या जागीं पत्रा आला, गावठी गाईच्या जागीं संकरित गाय आली, आणि गायरान कोणाच्या घशांत गेलें तें तुम्हांला आमच्यापेक्षां जास्त ठाऊक आहे. ऊनही तेंच राहिलें नाहीं. सन २०२२ सालचा मार्च महिना भारतांत १९०१ पासूनच्या नोंदींमध्यें सर्वांत उष्ण ठरला. म्हणजे उन्हाळा लवकर येऊं लागला आहे, आणि त्याला तोंड देण्याचीं आपलीं जुनीं साधनें आपणच मोडून टाकलीं आहेत.

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वीं आपल्या घरची चूक सांगावी, हें बरें. म्हणून आमच्याच दावणीची गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांमागें आम्हीं कर्ज काढून एक संकरित गाय घेतली. दोन्ही वेळचें मिळून पंधरा लिटर दूध देई. तिच्यासाठीं हौसेनें पत्र्याचा गोठा केला. पत्रा एवढा ठेंगणा कीं उभ्या माणसाचा हात लागावा. पश्चिमेचें ऊन येतें म्हणून ती बाजू प्लॅस्टिकच्या कागदानें बंद केली, आणि मोठें शहाणपण केलें असें आम्हांस वाटलें! वैशाखांत एका लग्नाला जावयाचें होतें. निघतांना गव्हाणींत पेंड व भुसा भरपूर घातला, एक बादली पाणी ठेवलें, आणि गेलों. दुपारीं तीनच्या सुमारास परत येऊन पाहतों, तो गाय जीभ बाहेर काढून उभी, तोंडांतून लाळेच्या तारा लोंबत आहेत, आणि कुशी लोहाराच्या भात्यासारखी उडत आहे. शेजारी म्हणाले, दृष्ट लागली. देवऋषी आला, अंगारा लावला, लिंबू उतरलें. त्यांत पाऊण तास गेला. दुसऱ्या एका जाणत्यानें ताक पाजावयास सांगितलें. आम्हीं तिची मान वर ओढून नळ्यानें ताक ओतलें, तें अर्धें पोटांत गेलें आणि अर्धें छातींत. डॉक्टर आले तेव्हां थर्मामीटर १०८ अंशांवर होता. दिवेलागणीला गाय गेली, आणि पोटांत चार महिन्यांचा गर्भ होता तोही गेला. डॉक्टर जातांना एवढेंच म्हणाले, “ही गाय उन्हानें मेली नाहीं, गोठ्यानें मेली.” त्याच दुपारीं शेजारची गावठी गाय लिंबाखालीं बसून रवंथ करीत होती. आमची गाय मेली, पण तिचें कर्ज मात्र पुढें दोन वर्षें जिवंत राहिलें.

तेव्हांपासून आम्हीं याविषयीं डॉक्टरांना विचारलें, पुस्तकें वाचलीं, गोठ्यांत बसून पाहिलें. जें कळलें तें तुमच्यापुढें ठेवितों.

पहिली गोष्ट ही कीं, जनावराला दोन ठिकाणांहून ऊब लागते, बाहेरून आणि आंतूनही. बाहेरची उन्हाची. आंतली पोटाची. तुम्ही उकिरडा उकरून पाहिला आहे? आंतून वाफ निघते. शेणकचरा कुजतांना उष्णता निघते. गाईम्हशीच्या कोठ्यांत चारा असाच आंबत असतो, आणि रात्रंदिवस तेथें चूल पेटलेली असते. जी गाय अधिक दूध देते ती अधिक खाते, आणि जी अधिक खाते तिची चूल अधिक पेटते. म्हणून तीन लिटरवाल्या गावठी गाईला जें ऊन सोसतें, तें पंधरा लिटरवाल्या संकरित गाईला सोसत नाहीं. ती नाजूक आहे म्हणून तिला नांवें ठेवूं नका. ती तुमच्यासाठींच जळत असते.

ही आंतली उष्णता बाहेर कशी पडते? तें आमचे कुंभारदादा चांगलें सांगतील. माठांतलें पाणी गार कां होतें? माठ पाझरतो, वरचें पाणी वाऱ्यानें सुकतें, आणि सुकतांना उष्णता घेऊन जातें. जनावराचें अंग असेंच घामानें पाझरतें, आणि घाम पुरेनासा झाला कीं तें धापा टाकून श्वासावाटे उष्णता बाहेर टाकतें. पण पावसाळ्यांत माठ गार होत नाहीं, कारण हवाच ओली असते. तसाच माठ बंद पेटींत ठेवला तरी गार होत नाहीं, कारण वारा नसतो. हें माठाचें तत्त्व ध्यानांत ठेवा, म्हणजे पुढचें सारें आपोआप समजेल.

आतां आपली म्हैस पहा. तिची कातडी काळी, ती ऊन ओढून घेते. अंगावर केस विरळ. आणि घामाच्या ग्रंथी गाईच्या मानानें सुमारें एक-षष्ठांश. म्हणजे हा माठ पाझरतच नाहीं! म्हणून म्हैस चिखलापाण्यांत लोळते. लोक तिला गलिच्छ म्हणतात, पण तो तिचा घाम आहे, जो निसर्गानें तिला बाहेरून घ्यावयास लाविला. उलट आपली खिल्लार, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ हीं गुरें या कोरड्या मुलुखांत पिढ्यान् पिढ्या तावून निघालेलीं. कातडी सैल, गळ्याखालची पोळी मोठी, केस आंखूड, घाम भरपूर. त्यांनाही ऊन लागतें, पण सर्वांच्या मागून.

जनावराला ऊन लागलें हें ओळखावें कसें? त्याला बोलतां येत नाहीं, पण कुशी बोलते. सावलींत शांत उभ्या असलेल्या गाईम्हशीच्या कुशीकडे पहा आणि एक मिनिट मोजा. मिनिटाला वीस-तीस श्वास असले तर ठीक. साठांच्या वर गेले तर ऊन बाधूं लागलें. ऐंशी-नव्वद झाले तर हातांतलें काम टाकून तिला गार करा. तोंड उघडें, जीभ बाहेर आणि श्वास शंभर-सव्वाशें, तर जीव धोक्यांत आहे. दुसरी खूण थर्मामीटर. गाईम्हशीच्या गुदद्वारांत दोन मिनिटें धरला तर १०१ ते १०२॥ अंश फॅरनहाइट दाखवील. शेळीमेंढीचा अंश-दीड अंश जास्त. १०४ झाले तर सावध व्हा, १०६ झाले तर आग लागली असें समजा. थर्मामीटर फार महाग नाहीं. एका अमावास्येच्या लिंबू-नारळांत तो सुटतो, आणि तो दृष्ट व ताप यांतला भेद खरा सांगतो.

या दोहोंच्या आधींही कांहीं खुणा असतात. गाय बसत नाहीं, उभी राहते, कारण उभें राहिल्यानें अंगाला वारा लागतो. रवंथ थांबते. चारा टाकते. दूध उतरतें आणि त्यांतली फॅटही उतरते; डेअरीवाला भाव कापतो, आणि आपण त्याच्याशीं भांडतों. भांडावें तें आधीं आपल्या पत्र्याशीं! म्हैस उन्हाळ्यांत मुका माज करते. माजाच्या खुणा दिसल्या तर रात्रीं किंवा पहाटे दिसतात. म्हणून पहाटे चारला उठून एक फेरी मारा, आणि म्हैस भरवावयाची ती गारव्याच्या वेळीं भरवा. एक माज चुकला कीं तीन आठवडे फुकट खाऊं घालावें लागतें, हा हिशोब विसरूं नका.

आतां उपाय सांगतों. त्यांत फार पैसा नाहीं, लक्ष मात्र आहे.

पहिला उपाय सावली. झाडाइतकी चांगली सावली कोणत्याही मिस्त्रीला बांधतां येत नाहीं. पान स्वतः पाणी सोडून गार राहतें. पत्रा तापून खालीं आग ओततो. लिंब, वड, करंज, चिंच, आंबा, यांतलें जें असेल त्याखालीं दुपारीं जनावरें बांधा. झाड नसेल तर छप्पर गवताचें, पाचटाचें, तुराट्यांचें करा. पत्राच असेल तर तो काढून टाका असें आम्ही म्हणत नाहीं. त्यावर उसाचें पाचट किंवा कडब्याच्या पेंढ्या जाड अंथरून दोरानें आवळा, आणि चुलीच्या ठिणगीला जपा. तेंही न जमलें तर पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात द्या. पांढरा रंग ऊन परतवितो. नवा गोठा बांधणारांनीं ध्यानांत ठेवावें कीं लांबी पूर्व-पश्चिम असावी, छप्पर कडेला आठ-नऊ फूट व मध्यें बारा-चौदा फूट असावें, आणि प्रत्येक मोठ्या जनावराला सुमारें चाळीस चौरस फूट जागा मिळावी. बाजू मोकळ्या ठेवाव्या. पश्चिमेला तिरपें ऊन येतें तेथें गोणपाटाचा पडदा सोडून तो भिजवावा, पण समोरची बाजू उघडी ठेवावी. आम्ही केली तशी कोंडी करूं नये. चारी बाजूंनीं ओलीं गोणपाटें लावून वारा अडविला तर तो गोठा नव्हे, भट्टी होते.

आणि रात्रीं गुरें बाहेर काढा. दिवसभर अंगांत सांठलेली उष्णता जनावर रात्रींच्या गारव्यांत टाकून देतें. दिवसभर तापलेल्या भिंतींआड रात्रीं पुन्हां कोंडलें तर कालची ऊब आजच्या उबेंत मिळते, आणि तीनचार दिवसांत जनावर कोसळतें. चोराची भीति असेल तर आपली बाज गुरांजवळ टाका. उन्हाळ्यांत आपल्यालाही तेथेंच बरी झोप लागेल.

दुसरा उपाय पाणी. मोठ्या जनावराला या दिवसांत साठ ते ऐंशी लिटर पाणी लागतें. दुभत्या संकरित गाईला शंभराच्या वर. दुधांत शंभरांतले सत्याऐंशी भाग पाणीच असतें. तें तिनें आणावें कोठून? दोन वेळां पाणी दाखविलें म्हणजे काम झालें असें समजूं नये. पाणी दिवसभर तोंडापुढें असावें. तें न जमलें तर चार वेळां तरी द्यावें, आणि त्यांतली एक वेळ रात्रींची असावी. पाण्याची डोण सावलींत ठेवा. उन्हांत तापलेलें पाणी जनावर हुंगून सोडतें. टांकीपासूनची काळी नळी उन्हांत पडलेली असेल तर पहिलें पाणी चटका देणारें असतें. तें सोडून द्या.

येथें आम्हांस पुरुषमंडळींना एक प्रश्न विचारावयाचा आहे. हें ऐंशी लिटर पाणी आणतो कोण? बहुतेक घरीं घरची लक्ष्मी! दोन गाईंचें पाणी म्हणजे तिच्या डोक्यावर दहाबारा घागरींचें ओझें. बैलाला ऊन लागूं नये म्हणून बाईला ऊन लावणें हा कोठला न्याय? पाणी ओढणें हें घरांतल्या सर्वांचें काम आहे, आणि गोठ्याजवळ सिमेंटची एक टांकी बांधणें हें दारापुढें ओटा बांधण्यापेक्षां अगत्याचें आहे.

तिसरा उपाय अंग भिजविणें. पाणी डोक्यावर, पाठीवर, कुशींवर असें ओता कीं कातडीपर्यंत पोहोंचलें पाहिजे. नुसते केस वरवर ओले झाले तर आंतली ऊब उलट कोंडते. मग वारा लागूं द्या. पुन्हां सुकलें कीं पुन्हां भिजवा. दुपारीं असें तीन-चार वेळां करावें. म्हशींना सकाळ-दुपार डोहांत सोडा. डोह नसेल तर बादल्या ओता. पाण्यांतून आल्यावर कास स्वच्छ धुऊन मगच दूध काढा, नाहींतर चिखलानें कास सुजेल. कोंकणांतल्या बांधवांनीं मात्र माठाचें तत्त्व विसरूं नये. तिकडे हवा ओली, तेव्हां पाणी सुकत नाहीं. तेथें नुसतें भिजवून भागत नाहीं, वाराही पाहिजे. वारा वाहता ठेवा, पंखा असेल तर लावा.

चौथा उपाय चारा. पोटांतली चूल खाल्ल्यानंतर कांहीं तासांनीं सर्वांत जास्त पेटते. सकाळीं नऊ-दहाला भरपूर घातलें तर दुपारीं बाहेरचें ऊन आणि आंतली आग एकदमच भेटतात. आमच्या गाईचें हेंच झालें. म्हणून चाऱ्याचे तीन भाग करा. एक पहाटे, दोन संध्याकाळीं व रात्रीं. वाळला कडबा रात्रीं द्या, हिरवें दिवसा द्या. हिरवें नसेल तर मूरघास बरा. दूध उतरलें म्हणून घाबरून एकदम पेंड व धान्य वाढवूं नका. धापा टाकणाऱ्या जनावराची लाळ बाहेर गळून गेलेली असते, कोठा आंबट होतो आणि पोट बिघडतें. घामावाटे व लाळेवाटे क्षार जातात, म्हणून रोज मूठभर मीठ व डॉक्टर सांगतील तेवढें खनिज मिश्रण द्या, किंवा चाटण वीट टांगा. एक धोका विशेष सांगतों. पाण्यावांचून खुंटलेली कोवळी ज्वारी आणि कापणीनंतर फुटलेले तिचे कोंब यांत जहाल विष असतें. भुकेलेलें जनावर त्यांत सुटलें तर घटकाभरांत आडवें होतें. तें ऊन नव्हे आणि करणीही नव्हे, तें विष आहे, आणि तेथें डॉक्टरच पाहिजे.

पांचवा उपाय कामाची वेळ. पहाटे जुंपा, दहाच्या आंत सोडा. पुन्हां चार-पांचनंतर जुंपा. कित्येकांना ठाऊक नाहीं कीं याविषयीं कायदाही आहे. सन १९६५ च्या नियमांप्रमाणें, जेथें तापमान ३७ अंश सेल्सियसच्या वर आहे तेथें दुपारीं बारा ते तीन जनावर कामाला लावतां येत नाहीं. शिवाय एकंदर नऊ तासांपेक्षां जास्त आणि विसांव्यावांचून सलग पांच तासांपेक्षां जास्त काम घेतां येत नाहीं. हा नियम कागदावर गार सावलींत झोंपला आहे, आणि बैल उन्हांत उभा आहे! ऊसतोडीच्या गाड्या मार्च-एप्रिलांत वजनाच्या रांगेंत तासन् तास उभ्या असतात. जूं मानेवर, ओझें पाठीमागें, ना सावली ना पाणी. गाडीवानाला दोष देऊन काय उपयोग? त्याच्या अंगावर उचल आहे, खेप चुकली तर मजुरी बुडते, आणि तो स्वतःही त्याच उन्हांत उभा आहे. ज्यांच्या आवारांत ही रांग लागते त्यांनीं तेथें मांडव घालावा, हौद बांधावा, आणि गाडी उभी असतांना जूं उतरवितां येईल अशी सोय करावी. हें मागणें कांहीं भीक नव्हे. वीटभट्टीवरच्या गाढवांसाठींही आमचें हेंच मागणें आहे. गाढव तक्रार करीत नाहीं, म्हणून त्याला तहान लागत नाहीं असें नाहीं.

शेळ्यामेंढ्या आणि कोंबड्या यांविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण ज्याच्या घरीं गाय नाहीं त्याची तीच पेढी. धनगर बांधव जाणतात कीं भर दुपारीं मेंढरें एकमेकांच्या पोटाखालीं डोकीं खुपसून गोळा होतात. तें थव्याचें प्रेम नव्हे, सावलीचा शोध आहे. त्यानें मधलीं मेंढरें उलट घुसमटतात. सूर्य उगवण्याच्या आधीं चरावयास काढा, दहाला झाडाखालीं आणा, चारनंतर पुन्हां सोडा. लोकर कातरावी ती गारव्यांत, आणि कातडीला ऊन लागूं नये इतकी राखावी. शेळीला दिवसाला चार ते आठ लिटर पाणी लागतें. ती काटक आहे म्हणून तिला विसरूं नका. कोंबडीला तर घामच नाहीं. ती चोंच उघडून आणि पंख पसरून धापा टाकते, आणि धापा टाकून टाकून अंड्याचें कवच पातळ होतें. तिला अकरा ते चार दाणा घालूं नये. मातीच्या पसरट भांड्यांत गार पाणी चार ठिकाणीं ठेवावें. खुराड्यावर ओलें गोणपाट टाकावें, आणि दाटी करूं नये.

इतकें करूनही जनावर कोसळलें तर काय करावें? प्रथम सावलींत व वाऱ्यावर न्या. उठत नसेल तर तेथेंच चादर ताणून सावली करा. डोक्यावर, मानेवर, मांड्यांच्या आंतल्या बाजूला गार पाणी सतत ओता आणि दोघांनीं सुपानें वारा घाला. शुद्धीवर असेल आणि स्वतः पीत असेल तर थोडें थोडें पाणी पाजा. मान ओढून नळ्यानें कांहींही ओतूं नका. बेशुद्ध जनावराला तर थेंबही नको, तो फुप्फुसांत जातो. आम्हीं हें पाप केलें आहे, तुम्ही करूं नका. ताप १०३ पर्यंत उतरला कीं ओतणें थांबवा, पण नजर ठेवा. आणि पहिल्याच क्षणीं एका मुलाला डॉक्टरकडे पिटाळा. १९६२ या क्रमांकावर दूरध्वनि केला तर सरकारी फिरता दवाखाना मिळण्याची सोय झाली आहे.

डागणीविषयीं दोन शब्द बोलल्यावांचून राहवत नाहीं. उन्हानें पोळलेल्या जनावराला तापल्या विळ्यानें डाग देणें, म्हणजे आगींतून काढून फुफाट्यांत टाकणें. त्याच्या कातडीला जखम होते, जखमेंत किडे पडतात, आणि रोग जेथल्या तेथें राहतो. अंगारे, उतारे, दोरे यांनीं जनावर बरें झालेलें आम्हीं पाहिलेलें नाहीं. देवऋष्याची कोंबडी बरी शिजलेली मात्र पाहिली आहे. तसेंच गोमातेच्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावणारे पुष्कळ, पण दुपारीं तिच्या डोणींत पाणी आहे कीं नाहीं हें पाहणारे थोडे. मेल्यावर वैतरणी तरण्यासाठीं भटजीला गाय द्यावी लागते म्हणतात. आम्ही म्हणतों, जिवंतपणीं सावकाराची नदी तरावयाची आहे, तीही गाईच्याच शेपटीला धरून. तेव्हां तिला आधीं जगवा. पोळ्याला एक दिवस पुरणपोळी आणि चैत्र-वैशाखांत साठ दिवस चटके, ही पूजा नव्हे.

शेवटीं गांवाच्या कामाविषयीं. एकट्याच्या गोठ्यानें सारें होणार नाहीं. महात्मा जोतीराव फुले यांनीं सन १८८३ मध्यें ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांत जंगलखात्यानें गायरानें गिळल्यामुळें शेतकऱ्याच्या गुरांची कशी दैना झाली हें सांगितलें आहे. तेव्हां गिळणारें खातें परक्यांचें होतें. आज गायरानांत ज्यांचीं कुंपणें आहेत ते आपल्यांतलेच आहेत, आणि ग्रामसभेंत पुढच्या खुर्चीवर बसतात. ग्रामसभेला जा, गायरानाचा उतारा मागा, मोजणी मागा. सन २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत चाराछावण्या झाल्या. तेथें गोरगरिबांनीं जुनीं लुगडीं, पोतीं ताणून आपल्या गुरांवर सावली केली. चारा मिळाला, सावली मिळाली नाहीं. पुढची छावणी लागेल तेव्हां चाऱ्याबरोबर मांडव आणि पाणी हेंही मागा. आणि ती लागण्याची वाट न पाहतां यंदाच्या पावसांत गायरानांत व रस्त्याकडेला लिंब, करंज, वड, चिंच लावा.

गांवाच्या हौदाविषयींही बोलतों. सन १९२७ मध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर पाण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला. त्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता! आज कायदा बदलला, पण मनें सगळीकडे बदललीं असें छातीला हात लावून कोण म्हणेल? गांवचा हौद ज्या आळीच्या टोकाला बांधाल, तेथें सर्व आळ्यांचीं गुरें व सर्व आळ्यांचीं माणसें सारख्या हक्कानें येतील असा बांधा. तहानेला जात नाहीं.

बंधूंनो, बैल गेला आणि झोपा केला, अशी आपल्यांत म्हण आहे, आणि आमच्या घरीं ती अक्षरशः खरी झाली. गाय गेल्यावर आम्हीं पत्र्यावर पाचट टाकलें, प्लॅस्टिक काढलें, टांकी बांधली. त्याच गोठ्यांत आज दुसरी गाय आहे. तिनें नंतरचे उन्हाळे धड काढले. पहिलीला जें मिळालें नाहीं तें दुसरीला मिळालें, आणि त्याला लागलेला खर्च पहिलीच्या किमतीच्या एका कोपऱ्यांतही बसत नाहीं. तुम्ही आमच्यासारखे एका गाईचें मोल देऊन शहाणे होऊं नका. घरीं गेल्यावर आजच दुपारीं गोठ्यांत जा, पत्र्याखालीं घटकाभर उभे राहा, आणि जनावराची कुशी मोजा. तुम्हांला तेथें उभें राहवलें नाहीं, तर त्याला कसें राहवत असेल हें तुम्हांला कोणी सांगावें लागणार नाहीं.